कोठाराची किल्ली

गोपाळपूरचा काला झाला की आमची दिंडी सरळ गावाकडे फिरत नाही. एक मुक्काम मंगळवेढ्याला असतो. हा पायंडा कोणी पाडला ते सांगता येणार नाही. आमच्या आधीच्या विणेकऱ्यांच्याही आधीपासूनचा आहे. संध्याकाळी दामाजीपंतांच्या मंदिरात कीर्तन होते आणि बहुतेक वेळा आख्यान दामाजीपंतांचेच असते. दुष्काळ पडलेला, माणसे झाडपाल्यावर आलेली, बेदरच्या बादशहाची धान्याने भरलेली कोठारे पंतांच्या ताब्यात. पंतांनी ती उघडली. चहाडी झाली, शिपाई निघाले. आणि तेवढ्यात दरबारात घोंगडी पांघरलेला, हातात काठी घेतलेला विठू महार उभा राहिला आणि त्याने धान्याचे सगळे पैसे मोजून पावती मागितली. इथे कीर्तनकार लय वाढवतात, टाळकरी पुढे झुकतात, बायाबापड्या डोळ्याला पदर लावतात.

माझ्याही डोळ्यांत पाणी येते. पण १९७६ सालापासून ते विठू महाराच्या जागी येत नाही. जरा आधी येते. त्याचे कारण इतकी वर्षे कोणाला सांगितले नव्हते. आता पंचाहत्तरी आली, आणि ज्याला आधी सांगायचे होते त्याला गेल्या वर्षी सांगून झाले, म्हणून वाचक माउलींसमोर ठेवतो.

दामाजीपंत हे सरकारी नोकर होते, ही गोष्ट आपल्या ध्यानात फारशी राहत नाही. आपण त्यांना संत म्हणून ओळखतो, म्हणून कोठार उघडणे हे त्यांच्या संतपणाला शोभेसे वाटते. पण त्या दिवशी सकाळी ते बादशहाचे अंमलदार होते. किल्ली त्यांच्या कमरेला होती ती बादशहाच्या विश्वासाने. हिशेब त्यांच्या नावावर होता. घरी बायको होती. मीही सरकारी नोकर होतो. कऱ्हाड तालुक्यातल्या आमच्याच गावात प्राथमिक शिक्षक, वय चोवीस-पंचवीस, लग्न नुकतेच झालेले.

२५ जून १९७५ च्या मध्यरात्री आणीबाणी जाहीर झाली. जेमतेम आठवड्याने माउलींच्या पालखीचे आळंदीहून प्रस्थान होते. शाळेमुळे मला पहिल्यापासून चालायला मिळत नसे, मी लोणंदला दिंडीत मिसळायचो. त्या वर्षी लोणंदच्या तळावर वर्तमानपत्र आणले तर त्यात काही सापडेना. काही पत्रांनी अग्रलेखाची जागा कोरी सोडली होती म्हणे. कोण कोण पकडले गेले याच्या गोष्टी कानाला तोंड लावून चालल्या होत्या. वारी मात्र नेहमीसारखी चालली. तिला कोणी अडवले नाही, तिनेही कोणाला विचारले नाही. फक्त मंगळवेढ्याला एक फरक पडला. त्या वर्षीच्या कीर्तनकार महाराजांनी दामाजीपंत लावले नाहीत, दुसरे आख्यान लावले. कीर्तन उत्तम झाले. कोणी काही बोलले नाही. आमचे विणेकरी आबा मात्र रात्री अंथरुणावर बसून म्हणाले, "राजाचं कोठार उघडणारा माणूस यंदा नडला वाटतं महाराजांना."

आबा म्हणजे तिसरी शिकलेले शेतकरी. दोन एकर जिरायत. वाचता येई ते हरिपाठ आणि गाथेपुरते. पण १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींनी पंढरपुरात उपोषण केले तेव्हा आबा तिथे होते, आणि ती आठवण ते शेंगा फोडता फोडता सांगत. गुरुजींना बसायला जागा मिळेना, ती तनपुरे महाराजांनी आपल्या मठात दिली. आपल्याच संप्रदायातली मोठमोठी माणसे विरुद्ध, महात्माजींचीसुद्धा उपोषण सोडा अशी तार आली. ज्यांना देवासारखे मानायचे त्यांचेही त्या दिवशी ऐकायचे नाही, असा तो प्रसंग. १ मेपासून १० मेपर्यंत गुरुजी बसले आणि विठोबाचे दार हरिजनांना उघडले. आबा म्हणत, "परक्याशी भांडणं सोपं असतंय. आपल्याला आपल्याशी भांडायचं असलं की मग पोटच उपाशी ठेवायला लागतं."

त्याच डिसेंबरात कऱ्हाडला मराठी साहित्य संमेलन भरले. मी सायकलने गेलो. अध्यक्ष दुर्गाबाई भागवत. त्यांचे 'पैस' हे पुस्तक मी शाळेच्या पेटीतून आणून वाचले होते. नेवाशाच्या ज्या खांबाला टेकून ज्ञानोबारायांनी ज्ञानेश्वरी सांगितली, त्या खांबावरचा लेख त्यात आहे, आणि तो ज्याने वाचला तो माणूस नेवाशाला जाऊन पुन्हा पहिल्यासारखा उभा राहू शकत नाही. केंद्रातले मंत्री यशवंतराव चव्हाण त्याच गावचे आणि तिथे हजर. अशा मांडवात या बाईंनी आजारी जयप्रकाशांसाठी प्रार्थना करायला सांगितली. जयप्रकाश नुकतेच कैदेतून पॅरोलवर सुटून मुंबईत इस्पितळात होते. मीही उठून उभा राहिलो. अंगावर काटा आला होता. सायकल हाणत परत येताना वाटत होते, आपणही काहीतरी केले.

दुर्गाबाईंना पुढच्या वर्षी मुंबईच्या एशियाटिक ग्रंथालयातून पकडून नेले. पुस्तके वाचत बसलेल्या बाईला. आणि मी काय केले ते आता ऐका.

१९७६ च्या उन्हाळ्यात शिक्षकांना कुटुंबनियोजनाच्या केसेस वाटून दिल्या. केस हाच शब्द होता. माझ्या वाट्याला तीन आल्या. पुऱ्या केल्या नाहीत तर पगार थांबेल, बदली होईल, असे बैठकीत तोंडी सांगितले. कागदावर तसे काही नव्हते. देशभर हेच चालले होते. १९७६-७७ या एका वर्षात ८० लाखांहून अधिक शस्त्रक्रिया झाल्या. महाराष्ट्राच्या विधिमंडळाने तर तीन मुलांनंतर सक्तीच्या शस्त्रक्रियेचे विधेयकच मंजूर केले होते, राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून तो कायदा अमलात आला नाही. एक गोष्ट स्पष्ट करतो. मुले थोडी असावीत हे मला तेव्हाही पटत होते, आजही पटते. दोन मुलांनंतर मी स्वतः शस्त्रक्रिया करून घेतली. प्रश्न तो नव्हता.

दोन केसेस मला सहज मिळाल्या. दोघेही चार-चार मुलांचे बाप होते, तयारच होते. तिसरी मिळेना. तारीख जवळ आली. घरी बायकोला सातवा महिना लागलेला आणि मागच्या महिन्याचा पगार अडकलेला.

आमच्या दिंडीत पताका धरणारा एक माणूस होता. त्याचे नाव लिहीत नाही, तसे त्यानेच सांगितले आहे. दिंडीत त्याला सगळे भाऊ म्हणत. माझ्याहून पाच-सहा वर्षांनी मोठा, एका बागायतदाराकडे सालाने राहिलेला. बापाच्या खांद्यावर बसून पहिली वारी केलेली, तेव्हापासून एकही चुकलेली नाही. गावात मी त्याला अरे-तुरे करायचो आणि दिंडीत त्याच्या पाया पडायचो. आपल्यात हे असे चालते, आणि त्याचे आपल्याला काही वाटत नाही. भाऊला एक मुलगी होती. पाठचा मुलगा झाला होता तो बारा दिवसांत गेला होता. त्याची पत्रे मी लिहून देत असे, म्हणून त्याचा माझ्यावर भरवसा.

मी त्याला सांगितले, पैसे मिळतील, रेशनकार्डाची अडचण राहणार नाही, आणि पुढे कोणी त्रास देणार नाही. हे सगळे खरे होते. एका मुलीवर थांबायची सक्ती तुला कोणी करू शकत नाही, हेही खरे होते. ते सांगितले नाही. त्याने एकदाच विचारले, "मास्तर, पुन्हा पोरगं हुईल का?" मी म्हणालो, "बघू, डॉक्टरांना विचारू." फॉर्मवर दोन मुले असे लिहिले. गेलेला मुलगा मी मोजला होता. त्याचा अंगठा मीच शाईत बुडवून कागदावर दाबला. अंगठा भरदार होता, नीट उमटला. दुय्यम प्रत माझ्याकडे राहिली.

त्यानंतर दहा-बारा दिवसांनी मला आबांकडे पाठवले गेले. देवळात भजनाला बरीच माणसे जमतात, विणेकऱ्याने शब्द टाकला तर गाव ऐकेल, असा वरचा हिशेब. आबा गोठ्यात होते. त्यांनी सगळे ऐकून घेतले. म्हणाले, "मास्तर, तुमचं म्हणणं खोटं नसंल. पोरं थोडी असावीत हे मलाबी उमगतंय, घरात खाणारी तोंडं मी मोजलीत. ज्याला जायाचंय त्यानं खुशाल जावं, मी सोबत चालत जाईन दवाखान्यापतुर. पण माणसाला भ्या दाखवून न्यायचं असंल, तर त्याच्या घराचं दार मी दाखवणार न्हाई. माझ्या गळ्यात ईणा हाय, ती त्यासाठी न्हाई." मग मला ताक दिले. मी प्यालो.

मे अखेरीस एका रात्री जीप आली. दोन शिपाई, एक साहेब. त्या दिवसांत गावातली तरुण माणसे रात्री उसात झोपायला जात. पण अमावास्येची रात्र, पाऊस शिंतडायला लागलेला, बरीच माणसे गावात होती. जीप वेशीत शिरली तेव्हा देवळातून टाळांचा आवाज येत होता. आबा वीणा गळ्यात घालून विठोबासमोर उभे होते, आणि गावातला झाडून सगळा पुरुष माणूस मंडपात उभा होता. माळकरी, बिनमाळकरी, ज्यांनी जन्मात टाळ धरला नव्हता तेही. आपल्या सप्ताहात वीणा खाली ठेवत नाहीत, एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते. तसा त्यांनी पहारा लावला होता. कोणी घोषणा दिली नाही, कोणी दार लावून घेतले नाही. देऊळ सताड उघडे होते. साहेब पायरीपर्यंत गेले आणि चपला काढाव्यात की नाही याचा त्यांना निर्णय करता येईना. जीपचा चालक माळकरी निघाला. तो बाहेर उभा राहून हलकेच टाळ्या वाजवत होता.

हे सगळे मी पाहिले, कारण जीपमध्ये मी बसलो होतो. घरे ओळखून दाखवायला.

साहेबांनी मला आत जाऊन निरोप सांगायला लावले. मी मंडपात गेलो. आबांच्या गळ्यात वीणा होती, आणि वीणा दिसली की वाकायचे ही लहानपणापासूनची सवय. मी वाकलो, त्यांच्या पायांवर डोके ठेवले. त्यांनी पाय मागे घेतला नाही. इतक्या वर्षांत मला सगळ्यात जास्त टोचते ते हेच. मी उठलो, निरोप सांगितला नाही, पण तिथे थांबलोही नाही. टाळ घेऊन त्या रांगेत उभे राहायला चार पावले होती. मी बाहेर येऊन पुन्हा जीपमध्ये बसलो.

बाराच्या पुढे जीप रिकामी परतली. दुसऱ्या दिवशी आबांना तालुक्याला बोलावले. दोन दिवस बाकावर बसवून ठेवले. मारले वगैरे नाही. ते घरून भाकरी बांधून घेऊन गेले होते आणि पहाऱ्यावरच्या शिपायालाही त्यातली दिली. त्यांचा धाकटा मुलगा सरकारी कामावर रोजंदारीने होता, त्याला आठवड्याने कमी केले. आबांनी त्याबद्दल कोणाकडे रदबदली केली नाही आणि कोणाला शिव्याही दिल्या नाहीत. साहेबांची पुढे बदली झाली तेव्हा "सांभाळून राहा, साहेब" म्हणून हात जोडले. मला हे तेव्हा दुबळेपणाचे वाटले होते.

भाऊचा टाका पिकला. ताप भरला, जखम चिघळली, महिनाभर तो घोंगडीवर पडून राहिला. मालकाने साल तोडले. जूनमध्ये दिंडी निघाली तेव्हा त्याला उभे राहता येत होते, चालता येत नव्हते. तो काठीच्या आधाराने वेशीपर्यंत आला. पताका त्याने दुसऱ्याच्या हातात दिली. त्या मुलाला कशी धरायची ते दाखवले, वारा आला की काठी कुठे टेकवायची तेही सांगितले. मग वेशीतच बसला. आयुष्यातली त्याची पहिली चुकलेली वारी. पाठोपाठ मी रजा टाकून लोणंदला गेलो आणि दिंडीत चाललो. माझा पगार सुटला होता.

त्या वर्षी मंगळवेढ्याला आबांनी कीर्तनकारांच्या पाया पडून विनवले, "पंतच लावा, महाराज." आणीबाणी अजून होती. महाराज क्षणभर थांबले, मग त्यांनी पंत लावले. फार रंगून सांगितले. विठू महार दरबारात आला, थैली ओतली, नाण्यांचा ढीग संपेना. मंडप डोलत होता. आबा माझ्या शेजारी होते. ते डोलत नव्हते. माझ्याकडे न बघता पुटपुटले, "हे झालं मागनं. कोठार उघडताना देव कुठं व्हता?"

पंतांनी कुलूप काढले तेव्हा त्यांना विठू महाराचा पत्ता नव्हता. पैसे कोण भरणार, माहीत नव्हते. मान जाणार, एवढेच माहीत होते. आख्यानाचा शेवट आपल्याला ठाऊक असतो म्हणून आपण निर्धास्त ऐकतो. पंत त्या दिवशी आख्यानात नव्हते, कचेरीत होते. समोर भुकेली माणसे, मागे बादशहाचा हुकूम आणि कमरेला किल्ली. माझ्याही कमरेला त्या उन्हाळ्यात एक किल्ली होती. लहानशी होती. एका फॉर्मवर एक आकडा खरा लिहायचा, किंवा एका माणसाला एक वाक्य पुरे सांगायचे. माझी मान जाणार नव्हती. पगार जाणार होता.

त्या रात्री मला झोप आली नाही, आणि मंगळवेढ्याची दुसरी गोष्ट आठवत राहिली. याच गावात चोखोबारायांचा अंत झाला. गावकुसाच्या भिंतीवर वेठीला धरलेले, भिंत कोसळली, त्यात दबून गेले. नामदेवरायांनी हाडांतून नाम ऐकून ती वेचून पंढरीला नेली, हे आपण सांगतो. वेठ कोणाच्या हुकमाने होती हे आपण सहसा सांगत नाही. एका गावात दोन भक्त. एकाच्या हातात कोठाराची किल्ली होती, म्हणून त्याला नाही म्हणता आले. दुसऱ्याच्या डोक्यावर नुसता दगड होता. त्याला कोणी विचारलेच नव्हते. राजसत्तेला विरोध करावा की करू नये यावर आपल्याकडे पुष्कळ प्रवचने होतात, पण विरोध करण्याइतकी जागा ज्याच्याजवळ असते त्याच्यावरच तो प्रश्न येतो. भाऊजवळ ती जागा नव्हती. माझ्याजवळ होती, थोडी होती, पण होती. भाऊला मी भिंतीवर चढवले.

पुढच्या मार्चमध्ये निवडणूक झाली. सरकार पडले, आणीबाणी उठली. महाराष्ट्रात निकाल उत्तरेइतका एकतर्फी लागला नाही, पण आमच्या गावात पेढे वाटले गेले. पेढे वाटणाऱ्यांत मी होतो. आबांनी पेढा घेतला आणि विठोबापुढे ठेवला, खाल्ला नाही. म्हणाले, "हे गेले, ते आले. तेबी कधीतरी जीप पाठवतील." नंतर वाचनात आले की १९७६ च्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयात पाच न्यायमूर्तींपुढे प्रश्न आला होता, आणीबाणीत विनाचौकशी पकडलेल्या माणसाला कोर्टाचे दार ठोठावता येते का? चौघांनी नाही म्हटले. एकट्या न्यायमूर्ती हंसराज खन्ना यांनी हो म्हटले आणि सरन्यायाधीशपदाचा त्यांचा क्रम डावलला गेला. त्यांच्याजवळ मोठी किल्ली होती. आबांच्या देवळाला तर कुलूपही नव्हते.

संप्रदायातली बरीच मंडळी म्हणतात की वारकऱ्याने या भानगडीत पडू नये, नाम घ्यावे. दुसरीकडे अशीही मंडळी दिसतात की कोणत्याही पक्षाच्या मोर्च्यापुढे टाळ-मृदंग घेऊन उभी राहतात, आणि एसटीच्या काचा फुटल्या की तुकोबांचे नाव सांगतात. मला दोन्ही पटत नाही. तुकोबांच्या वह्या इंद्रायणीत बुडवायला लावल्या, तेव्हा त्यांनी तेरा दिवस नदीकाठी स्वतःला बसवले. रामेश्वरभट्टांच्या घरावर दगड टाकायला कोणाला पाठवले नाही. पण 'जाऊ द्या, वरून हुकूम आहे' असे म्हणून दुकानही लावून बसले नाहीत. आणि तेच रामेश्वरभट्ट पुढे तुकोबांचे झाले, हे विसरून चालत नाही. आबांनी साहेबाला हात जोडले ते दुबळेपणाने नव्हते, एवढे समजायला मला वीस वर्षे लागली.

निवृत्त झाल्यावर मी एक छोटा उद्योग केला. २००५ च्या ऑक्टोबरात माहितीच्या अधिकाराचा कायदा लागू झाला होता. दहा रुपयांचे तिकीट लावून मी रेशन दुकानाच्या साठ्याची आणि वाटपाची नोंदवही मागितली. दुकानदार माझाच विद्यार्थी. त्याने घरी येऊन विचारले, "गुरुजी, वारकऱ्याला हे उद्योग कशाला?" दोन महिन्यांनी झेरॉक्स आल्या. बसून वाचल्या. आषाढ महिन्यात ज्या दिवशी भाऊ माझ्यासमोर वाखरीच्या रिंगणात पताका घेऊन धावत होता, त्या दिवशी त्याने गावात येऊन गहू आणि रॉकेल नेल्याची नोंद होती. खाली अंगठा होता. मी तो अंगठा ओळखला असता, त्याचा नव्हता. तक्रार केली. चौकशी झाली, धान्य नीट मिळू लागले, त्या विद्यार्थ्याने दोन वर्षे माझ्याशी बोलणे टाकले. याचा मोठेपणा नाही. तिशी नुकती ओलांडलेली मुले हल्ली असे अर्ज सहज करतात. मला ते साठीनंतर जमले.

आबा १९९१ साली गेले. वीणा आता त्यांच्या नातवाच्या गळ्यात आहे. भाऊ ऐंशीचा आहे. मुलगी जवळच्याच गावात दिलेली, ती सांभाळते. आम्ही दोघेही आता चालत नाही, वाखरीपर्यंत एसटीने जातो आणि तिथून पुढे दिंडीत घुसतो. पताका त्याच्या हातात द्यावी लागते, नाहीतर तो रुसतो.

गेल्या वर्षी मंगळवेढ्याला कीर्तन संपल्यावर आम्ही मंदिराच्या पायरीवर बसलो होतो. पिशवीत मी ती दुय्यम प्रत नेली होती. एकोणपन्नास वर्षे ती माझ्या ट्रंकेत, लग्नपत्रिका आणि सेवापुस्तकाच्या मध्ये पडून होती. कागद घड्यांवर फाटायला आला आहे. मी त्याला सगळे सांगितले. दोन मुले लिहिली ते, डॉक्टरांना न विचारलेले ते, जीप, पगार. तो पताकेच्या काठीची दोरी सोडून पुन्हा बांधत ऐकत होता. बराच वेळ काही बोलला नाही. मला वाटले, ऐकूच आले नाही. त्याला कमी ऐकू येते.

मग म्हणाला, "वाचून दाखवा."

मी कागद दिव्याकडे धरून वाचला. नाव, वय, गाव, मुलांची संख्या, स्वखुशीने, तारीख, साक्षीदार म्हणून माझी सही. अक्षर माझेच, वळणदार, शाळेत फळ्यावर काढायचो तसे. त्याने कागद हातात घेतला, डोळ्यांजवळ नेला, अंगठ्याच्या जागी आपला अंगठा ठेवून बघितला. आता तो अंगठा सुरकुतलेला आहे, शाईतल्या रेषांशी जुळत नव्हता.

"बारा दिवसांचा होता," तो म्हणाला. "तुम्ही मोजला व्हय त्याला. कागदावर दुसऱ्या कुनीच मोजला नव्हता."

कागद त्याने घडी करून कोपरीच्या खिशात ठेवला. मी हात पुढे केला होता, तो तसाच राहिला. मंडपात आबांचा नातू अंथरुणे मोजत होता. भाऊने काठी उचलली आणि म्हणाला, "चला गुरुजी, पहाटंची एसटी हाय. निजा जरा."